पाणी औटवायचं नसतं

मी आयुष्यभर लोकांचं पाणी बाटलीत भरून नेलं आणि कागदावर उतरवून परत दिलं. आधी धारला, मग देवासला, पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत. पदाचं नाव रसायनतज्ज्ञ. दिवाळी अंकात हा शब्द शोभून दिसतो. गावोगावी मात्र मला ‘पाणीवाली बेनजी’ म्हणत आणि पंप दुरुस्त करणारी बाई समजत. मी हातपंपाशी पोचले की एखादे काका हमखास विचारायचे, वायसर कधी बदलणार? मी म्हणायचे, मी फक्त पाणी तपासते. मग ते माझ्याकडे आणि माझ्या बाटल्यांच्या खोक्याकडे, हिचा नेमका उपयोग काय, अशा नजरेनं पाहत उभे राहायचे.

काम तसं सोपं. हातपंप आधी पाच मिनिटं मारायचा, म्हणजे पाइपात साचून राहिलेलं पाणी निघून जातं आणि जमिनीतलं ताजं येतं. त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची आणि मग भरायची. जंतू तपासायची बाटली वेगळी. ती आधीच वाफेवर शुद्ध केलेली असते, तिला विसळायचं नाही. नवा माणूस नेमकं उलटं करतो. मग चिठ्ठी लावायची, प्रयोगशाळेत आणून एकेक परीक्षा करायची आणि छापील फॉर्मवरचे रकाने भरायचे. फॉर्मवर रकाने पुष्कळ असतात. या हकिकतीत त्यातल्या एका रकान्याला महत्त्व आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

धारला असताना माझं बहुतेक आयुष्य फ्लोराइडच्या मागे गेलं. तिकडच्या काही गावांत खडकातूनच ते पाण्यात उतरतं, मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, पुढे हाडं धरतात. पाणी दिसायला काचेसारखं आणि चवीला गोड. ‘इतना मीठा पानी और तुम बंद करवा रही हो’, हे वाक्य मी निसरपूरपासून धार शहरापर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. आमच्याकडे मीठा म्हणजे चांगला, खारा म्हणजे वाईट; तिसरा प्रकारच नाही. जिभेला न कळणारं काही पाण्यात असू शकतं, हे पटवणं हीच खरी नोकरी होती. एकदा एक शेतकरी सोयाबीन तेलाच्या बाटलीतून पाणी घेऊन आला आणि माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाला की त्याच्या विहिरीला तेल लागलंय, खाणीसाठी अर्ज कुठं करायचा? मी त्याला स्वच्छ बाटली देऊन परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला तेल नव्हतं. तो बिचारा इतका हिरमुसला की मी त्याला चहा पाजला.

तर अशा लोकांशी बोलायचं म्हणजे भाषा हवी. इथं माझा गर्व आडवा येतो, तोही सांगते. आमचं घराणं देवासच्या दरबारात कारकुनी करायला आलेलं. पिढ्या इथं गेल्या, पण घरात मराठी कडक. आत्याबाईंसमोर बांगडी फुटत नसे, वाढत असे. आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की ‘कां जई रिया हो भिया’ सुरू. माझ्याबरोबरचे बाकीचे लोक गावात जाऊन शुद्ध हिंदीतलं पत्रक वाचून दाखवत. ‘जल को उबालकर ग्रहण करें’ वगैरे. बायका पदराआड हसायच्या. मी मात्र माळवीत बोलायचे. मराठी बाई आणि आपल्यासारखी बोलते, म्हणून मला बसायला खाट मिळायची आणि साहेबांना खुर्ची. ती खाट मला फार आवडायची.

देवासला बदली झाल्यावर माझ्या वाट्याला जी गावं आली त्यात एक चांदमारीच्या शेजारचं होतं. चांदमारी म्हणजे फौजेचं गोळीबाराच्या सरावाचं मैदान. गावाचं नाव सांगत नाही, बागलीकडे जाताना आत वळावं लागतं एवढं पुरे. माळाच्या वरच्या अंगाला तारेचं कुंपण, त्याच्या आत निशाण्याचे मातीचे ढीग आणि जुना निकामी दारूगोळा जाळण्याचे खड्डे. खालच्या अंगाला गाव. बारुदेत जे क्षार असतात ते पाण्यात सहज विरघळतात. वर्षानुवर्षं खड्ड्यात जाळलेलं पावसाबरोबर मुरतं आणि उतारानं खाली येतं, हे शाळेतल्या मुलालाही कळावं. त्या क्षारांतलं एक म्हणजे नायट्रेट. शेतातल्या युरियातूनही तेच येतं, त्यामुळे कुणाचं किती, हे माझ्या प्रयोगशाळेला सांगता येत नसे. पण आहे की नाही, हे नक्की सांगता येत असे.

आणि तोच रकाना मी रिकामा ठेवला.

झालं असं, की त्या वर्षी पावसाळ्यात गावात हगवण पसरली. गावाला पिण्याचा एकच भरवशाचा हातपंप, शाळेजवळचा. मी नमुने आणले. जंतू निघाले, ते अपेक्षितच होतं. बाकीच्या परीक्षा केल्या. नायट्रेट तपासायची पूड संपली होती. मागणी पाठवलेली होती, येईल तेव्हा येईल. मोठ्या माणसाला त्याचं लगेच काही होत नाही, आत्ता खरा प्रश्न जंतूंचा आहे, असं मनाशी म्हणून मी त्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि सही केली. चांदमारी शेजारी असताना ती रेघ मारायला नको होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणूनच मनाशी एवढं बोलावं लागलं.

मग मी गावात सांगायला गेले. शाळेच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. आमचा ड्रायव्हर रामेश्वर भिया नेहमीसारखा मागे जीपला टेकून उभा होता. सांगायचं एवढंच होतं की पाणी उकळून प्या. मराठीत उकळणे, हिंदीत उबालना. उबालना पत्रकातला शब्द, तो मला नको होता. माळवीत ‘उकाळी ने’ म्हणतात, पण ते मला फार मराठी वाटलं. वाटलं, आपलं उकळणंच तोंडात येतंय, बायका हसतील. मग मला हलवायाच्या कढईवरचा शब्द आठवला. मी ऐटीत म्हटलं, “पाणी खूब औटई ने पिलाजो. छोरा-छोरी के तो जरूर.”

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाटेवर बसून चहा प्यायले आणि परत आले.

औटाना म्हणजे उकळणं नव्हे. औटाना म्हणजे आटवणं. दूध मंद आचेवर ठेवून निम्मं, पाव करायचं, त्याला माळव्यात दूध औटाना म्हणतात. जंतू मारायचे तर पाणी खळाखळा उकळलं की पुरतं. पण पाण्यात क्षार असेल तर तो उकळून जात नाही. पाणी वाफ होऊन उडतं आणि क्षार खालीच राहतो. चार पेले पाण्याचा एक पेला केला तर चारही पेल्यांतला क्षार त्या एका पेल्यात येतो. खीर आटली की गोड होते, त्यातलाच हा प्रकार.

तीन आठवड्यांनी नायट्रेटची पूड आली. त्या दिवशी सकाळी पार्सल फोडलं आणि मला काय वाटलं कोण जाणे, यादीतली इतर गावं सोडून मी रामेश्वरला म्हटलं, आधी चांदमारीला चल. आमची जीप पावसाळ्यात तीनदा ढकलल्याशिवाय सुरू होत नसे, ती पहिल्या चावीला सुरू झाली. या दोन्ही गोष्टींसाठी मी अजून देवासमोर हात जोडते. नवरा म्हणतो, जीपचा प्लग बदललेला असेल. असेल.

हातपंपाशी पोचून मी परीक्षा तिथंच केली. पाण्यात पूड टाकायची, हलवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. नायट्रेट असेल तर पाणी गुलाबी होतं. जितकं जास्त तितकं गडद. सोबतच्या रंगाच्या कार्डाशी ताडून पाहायचं. माझ्या नळीतला रंग कार्डावरच्या शेवटच्या चौकोनाइतका गडद झाला. मी नळी घेऊन तशीच उभी होते, तेवढ्यात आशा कार्यकर्ती धावत आली. म्हणाली, बेनजी, तुम्ही दवाखान्याच्याच आहात ना, सजन बईच्या नातीला बघा, तिचे ओठ निळे पडलेत.

मी दवाखान्याची नव्हते, पण गेले. सजन बई म्हणजे साठीची, काटक, कमी बोलणारी बाई. तिची सून टायफॉइडनं देवासच्या दवाखान्यात होती. अडीच महिन्यांची पोर आजीजवळ, डब्याच्या दुधाच्या पुडीवर. पोरगी खाटेवर पडली होती. रडत नव्हती, हे आधी लक्षात आलं. ओठ आणि नखं जांभळट निळी, अंगाला राखेसारखी कळा. घरात चार बायका. एक म्हणत होती बाहेरची हवा लागली, दुसरी म्हणत होती काळजाला भोक असेल.

मला तेव्हा चुलीवरचं पातेलं दिसलं. तळाशी वाटीभर पाणी उरलेलं, आणि पाणी जिथून खाली उतरत गेलं तिथं कडेला पांढरे पापुद्रे एकाखाली एक. मी सजन बईला विचारलं, हे पाणी कशाचं? ती मला समजावून सांगायला लागली, अगदी अभिमानानं. छोरीच्या दुधाचं पाणी ती रोज स्वतः करते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

“चार गिलास को एक गिलास करूँ हूँ, बेनजी,” ती म्हणाली. “तमने क्यो थो नी, औटई ने पिलाजो.”

तुम्हीच सांगितलं होतं ना, औटवून पाजा.

नोकरीत माणसाला बोलणी खावी लागतात, बदल्या होतात, वरिष्ठ फाइल तोंडावर टाकतात. माझ्या बाबतीत हे सगळं झालं आहे. पण त्या बाईच्या स्वयंपाकघरात, तिनं माझं म्हणणं तंतोतंत पाळलं आहे हे कळलं, त्यासारखं काही झालं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नायट्रेट सोसत नाही, हे मी प्रशिक्षणात शिकले होते आणि दुसऱ्यांना शिकवलंही होतं. त्यानं रक्त प्राणवायू धरेनासं होतं. बाळ श्वास घेतं, पण तो श्वास अंगाला लागत नाही.

मी एवढंच म्हटलं की हिला आत्ता देवासला न्यायचं, आणि ते पातेलंही सोबत घ्या. सजन बईनं प्रश्न विचारला नाही. पोरगी पदरात गुंडाळली आणि जीपमध्ये बसली. वाटेत मी मागे वळून पाहिलं नाही. तिच्या मांडीवर पोर होती आणि माझ्या मांडीवर पातेलं.

दवाखान्यातला मुलांचा डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला, जरा तिरसट. त्यानं आधी प्राणवायू लावला. रंग बदलेना. त्यानं छातीला नळी लावून ऐकलं आणि काळजात काही दोष दिसत नाही म्हणाला. मी मध्येच बोलले की पाण्यात नायट्रेट आहे, आणि ते चौपट झालेलं आहे. तो माझ्याकडे वळला आणि कोण तुम्ही, असं विचारण्याऐवजी त्यानं सरळ बाळाचं रक्त काढलं. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला आणि हलवत राहिला. रक्त लाल झालं नाही. चॉकलेटी राहिलं. त्यानं नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं, आणि नर्सनं सांगितलं, नाही.

ते औषध म्हणजे एक गडद निळा रंग आहे. निळ्या पडलेल्या बाळाला निळं औषध, ऐकायला वेडगळ वाटतं, पण तेच लागतं. तोच रंग माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटात बाटलीभर होता आणि काही कामाचा नव्हता, कारण प्रयोगशाळेतला रंग टोचण्याइतका शुद्ध नसतो. डॉक्टरनं इंदूरला चार फोन केले, एका ठिकाणी मिळालं. रामेश्वर भियानं चिठ्ठी घेतली आणि निघाला. जी जीप तो सोनकच्छच्या घाटीत बैलगाडीच्या चालीनं चालवायचा, तीच घेऊन तो इंदूरला जाऊन दोन तासांच्या आत परत आला. कसा आला ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

ते दोन तास मी आणि सजन बई बाकावर शेजारी बसलो होतो. ती मला धीर देत होती. म्हणाली, देव करेल ते बरोबर. मी तिला सांगायला हवं होतं की यात देवाचा हात नाही, माझा आहे. मी फक्त तिला पाणी आणून दिलं.

डॉक्टरनं इंजेक्शन अगदी सावकाश दिलं. अर्धा तासही झाला नसेल, पोरीच्या ओठांना रंग आला. आधी कडेला, मग मधे. मग ती रडली. नवजात मुलाच्या रडण्याचं कौतुक सगळेच करतात. अडीच महिन्यांच्या पोरीचं रडणं ऐकून दवाखान्याच्या बाकावर दोन पोक्त बायका रडल्या, तेही त्या डॉक्टरनं पाहिलं. जाताना तो मला म्हणाला, मॅडम, तुम्ही पाण्याचं सांगितलं नसतं तर मी काळजावरच अडकलो असतो. मी मान डोलावली. शाबासकी घेतली, असंच म्हणा.

दुसऱ्या दिवशी गावाकडे परत जाताना रामेश्वर आपणहून म्हणाला, “औटानो तो दूध को होय, बेनजी. वणी दन म्हने सुण्यो थो. पण म्हने सोच्यो, कई साइंस की वात होगी.” त्या दिवशी ओट्यामागे उभं राहून त्यानं ते ऐकलं होतं, त्याला विचित्रही वाटलं होतं, पण शास्त्राचं काही असेल म्हणून तो बोलला नाही.

आता या प्रकरणाचा जो अहवाल मला वर पाठवावा लागला, त्याबद्दल. हिंदीत ‘द्वारा’ नावाचा एक फार सोयीचा शब्द आहे. मी लिहिलं, ‘ग्रामवासियों द्वारा जल को अत्यधिक उबाला गया।’ उबाला गया. कुणाच्या सांगण्यावरून, हे वाक्यात बसत नाही. साहेबांनी वाचलं, सही केली. तो कागद अजून कुठल्या तरी कपाटात असेल. त्यात खोटं एक अक्षर नाही, आणि मला त्याची जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही. आज इथं लिहिते आहे ते त्या वाक्याची दुरुस्ती समजा.

पण पोर वाचली तरी पाण्याचं काय? तिला घरी आणायचं तर त्याच हातपंपाशी आणायचं. सजन बई दवाखान्यातून हलेना. सून बरी होत आली होती, पोरही बरी होती, डॉक्टर घरी जा म्हणत होते, आणि ती मला सारखं एकच विचारत होती की तिथं नेऊन पाजू काय? मी गावातल्या बाकीच्या विहिरी तपासल्या. सगळ्या कमी-जास्त गुलाबी. कुंपणाच्या जितकं जवळ तितका रंग गडद. नळाची योजना मंजूर होती, पण पाइप यायला अवकाश होता.

मग मी चांदमारीच्या फाटकावर गेले. तिथं एक सुभेदार साहेब होते, पहाडी मुलखातले, मिशा पिकलेल्या. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला की आमचे जवान पितात ते पाणी ठीक आहे का? मी म्हटलं, तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही. त्यांची बोअर माळाच्या पलीकडच्या उतारावर आणि खूप खोल होती. मी तिथंच परीक्षा केली. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या नळीकडे पाहत बसलो. पाणी बिनरंगीच राहिलं.

मी म्हटलं, हे पाणी गावाला हवं. ते म्हणाले, पाणी द्यायचा हुकूम मला काढता येत नाही, वर लिहावं लागेल, वरून उत्तर यायला वेळ लागेल. मी म्हटलं, पोरगी उद्या घरी येते आहे. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग शिपायाला नोंदवही आणायला सांगितली आणि त्याला म्हणाले, “लिखो, कल सुबह से जलापूर्ति का अभ्यास. टँकर, गाँव तक.”

फौज सरावासाठीच तिथं होती, त्यामुळे यात गैर काही नव्हतं. सकाळी सातला टँकर गावात यायचा. लेखी मंजुरी आली ती पुढे कधीतरी. तोवर तो अभ्यास रोज चालला. खड्ड्यांमध्ये जाळणंही त्यांनी थांबवलं. मी पाठवलेले नमुने पुढे बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेले, पत्रव्यवहार झाला, ती वेगळी आणि कंटाळवाणी हकिकत आहे. त्या सुभेदार साहेबांना मी पुन्हा कधी भेटले नाही. त्यांच्या हाताखालच्या त्या शिपायाचं अक्षर फार सुंदर होतं, एवढं आठवतं.

इकडे मी दुसरा घोळ घातला. शाळेजवळचा हातपंप बंद आहे हे कळावं म्हणून आमच्या नियमाप्रमाणे त्याला लाल रंग दिला. लाल म्हणजे धोका, हे आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. चार दिवसांनी गेले तर पंपाला झेंडूची माळ, पायाशी नारळ फोडलेला आणि एक आजी पहिली ओंजळ कपाळाला लावून पाणी पीत होत्या. ज्या मुलखात भैरूच्या दगडाला, हनुमानाला, खेड्याच्या वेशीला शेंदूर लावतात, तिथं सरकारनं पंपाला लाल केलं म्हणजे काय समजायचं? बरं, पोर निळी पडून परत आली होती. पंपावर कुणाचा तरी कोप झाला असेल आणि आता सरकार त्याची शांत करतंय, असा त्याचा अर्थ लागला होता. रामेश्वर हसत हसत खाली बसला. मी हसले नाही. महिना-दीड महिन्यात दुसऱ्यांदा मी एक सांगितलं होतं आणि लोकांनी दुसरं ऐकलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं. रामेश्वरनं पाना काढून पंपाचा दांडाच उतरवला.

त्याच सकाळी मी ठरवलं की आता सांगून टाकायचं. टँकर यायला वेळ होता, बायका हंडे-कळश्या घेऊन शाळेच्या ओट्याशी जमल्या होत्या. सजन बई पोरीला मांडीवर घेऊन पुढेच बसली होती, सून तिच्या मागे. मी उभी राहिले. माळवीत बोलायला लागले आणि जीभ अडखळली. कोणता शब्द कुठला, याचीच मला खात्री वाटेना. शेवटी हिंदी, मराठी, माळवी जे तोंडात येईल त्यात सांगितलं. म्हटलं, पाणी आटवायचं नसतं. उकळी आली की झालं. आणि या पंपाचं तर उकळूनही प्यायचं नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून चुकीचा शब्द गेला. सजन बईनं जे केलं ते माझ्या सांगण्यावरून केलं. पोर निळी पडली ती कुणाच्या कोपानं नाही, माझ्या चुकीनं पडली. आणि मी पाण्याची एक परीक्षा केली नव्हती, तीही माझीच चूक.

सगळ्या जणी सजन बईकडे पाहू लागल्या. तिची सून तोंड दुसरीकडे वळवून बसली, आणि ते मला समजण्यासारखं होतं. सजन बईनं मांडीवरच्या पोरीचं अंगडं सारखं केलं. मला वाटलं, ही आता उठून जाईल. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग ती म्हणाली, “बेनजी, तम तमारी मराठी में ज बोल्या करो. नी समझांगा तो पूछी लांगा. वा वात तो म्हने समझ में अई गी थी, जदे नी पूछी.”

तुम्ही तुमच्या मराठीतच बोलत जा. नाही कळलं तर आम्ही विचारू. त्या दिवशीचं मला कळलं होतं, म्हणूनच विचारलं नाही.

ज्या भाषेच्या जोरावर मी इतकी वर्षं खाटेवर बसत होते, ती तिनं अशी माझ्या हातात परत ठेवली. आवाजात राग नव्हता. कामाचं सांगावं तसं सांगितलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक गावात बोलून झालं की विचारत आले, आता तुम्ही मला सांगा, घरी जाऊन काय करणार? बायका सांगायच्या, आणि त्यातून मला कळायचं की मी नेमकं काय बोलले होते. पुष्कळदा भलतंच बोललेली असायचे. त्या एका सवयीनं किती पोरांचे ओठ वाचले, ते कुठल्याही रकान्यात लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर सजन बईच्या नावावर लिहिलं असतं. मला या नोकरीनं पगार दिला, पेन्शन दिली, पण शिकवलं या बाईनं, आणि तेही जिच्याशी मी असं वागले होते तिनं. मी तिची फार ऋणी आहे.

तेवढ्यात वळणावर टँकरचा भोंगा वाजला. बायका हंडे उचलून धावल्या. सजन बईपाशी दोन कळश्या होत्या आणि कडेवर पोर. सून अजून अशक्त, तिला ओझं उचलायची बंदी होती. सजन बईनं इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावर तिच्या जावा होत्या, शेजारणी होत्या, आशा कार्यकर्ती होती. ती माझ्यापाशी आली.

“अणी के पकडजो,” ती म्हणाली, “म्हूँ पाणी लई आऊँ.” आणि पोरीला माझ्या हातात देऊन ती रांगेत जाऊन उभी राहिली.